क्लबच्या सामन्याचे गुणलेखन : वहीजवळ प्रथमच बसणाऱ्या स्वयंसेवकासाठी

मुंबईच्या आझाद मैदानावर, क्रॉस मैदानावर किंवा शिवाजी पार्कवर सुट्टीच्या दिवशी सामना पाहायला थांबलात, तर तंबूच्या कडेला टेबलावर मोठी आडवी वही उघडून बसलेली एक-दोन माणसे दिसतात. वृत्तपत्रे त्यांना गुणलेखक म्हणतात, मैदानावर सगळे त्यांना स्कोअररच म्हणतात. यांपैकी अनेकजण वीस-वीस, पंचवीस-पंचवीस वर्षे एकाच क्लबसाठी हे काम करत असतात. मिळतो तो प्रवासखर्च आणि दुपारचे जेवण, आणि पुष्कळ ठिकाणी तेही मिळत नाही. अशी व्यक्ती वयामुळे किंवा आजारपणामुळे थांबली, की सामन्याच्या दिवशी सकाळी राखीव खेळाडूंपैकी कोणाच्या तरी हाती वही दिली जाते आणि त्या दिवसाची नोंद बिघडते. मी स्वतः उपनगरातील एका क्लबसाठी बावीस वर्षे गुणलेखन करतो आहे, आणि माझीही सुरुवात अशाच एका सकाळी, काहीही न शिकता झाली होती. त्या दिवशी कोणीतरी सांगायला हवे होते असे मला वाटत राहिले, ते या लेखात क्रमाने मांडले आहे.

या कामाला इतके महत्त्व का द्यायचे, याचे उत्तर एका जुन्या उदाहरणात आहे. १८९९ साली इंग्लंडमधील क्लिफ्टन कॉलेजच्या मैदानावर ए. ई. जे. कॉलिन्स या शाळकरी मुलाने नाबाद ६२८ धावा केल्या आणि एका डावातील सर्वाधिक वैयक्तिक धावांचा हा विक्रम ११६ वर्षे टिकला. वही लिहिणारा मुलगा मात्र नंतर ‘६२८, वीस इकडे किंवा तिकडे’ असे म्हणाला होता, असे सांगतात. म्हणजे शतकाहून अधिक काळ जगभर छापल्या गेलेल्या आकड्याविषयी खुद्द लिहिणाऱ्यालाच खात्री नव्हती. तो विक्रम जानेवारी २०१६ मध्ये आपल्या कल्याणात मोडला गेला. भंडारी करंडकाच्या शालेय सामन्यात प्रणव धनावडे याने नाबाद १००९ धावा केल्या आणि त्याच्या संघाचा डाव ३ बाद १४६५ वर घोषित झाला. एवढ्या प्रचंड डावातही प्रत्येक धाव कोणीतरी हाताने लिहिलेली असते. क्लबच्या सामन्यात चित्रीकरण नसते, तिसरा पंच नसतो. संध्याकाळी पंच निघून जातात, खेळाडूंच्या आठवणी आठवड्याभरात बदलतात, आणि पुरावा म्हणून फक्त वही उरते.

पहिली पायरी : काही सामने केवळ शेजारी बसा

क्लबच्या चिटणीसांना भेटून गुणलेखनाची इच्छा सांगितली, तर आजच्या घडीला नकार मिळण्याची शक्यता जवळजवळ नाही. मात्र लगेच मुख्य वही मागू नका. जुन्या गुणलेखकांना, म्हणजे ज्यांना सारे मैदान ‘काका’ किंवा ‘सर’ म्हणून ओळखते त्यांना, आधी विचारून त्यांच्या शेजारी तीन-चार सामने बसा. पहिल्या सामन्यात फक्त धावफलकाचे पत्रे बदलण्याचे काम घ्या, कारण त्यामुळे एकूण धावा, गडी आणि षटके या तीन आकड्यांवर लक्ष ठेवण्याची सवय लागते. पुढच्या सामन्यांत साध्या वहीत स्वतःची समांतर नोंद ठेवा आणि प्रत्येक षटकानंतर ती काकांच्या नोंदीशी ताडून पाहा. काका बोलत कमी असतील, पण त्यांची नजर कोठे जाते ते पाहण्यासारखे असते. चेंडू टाकला जाईपर्यंत नजर गोलंदाजावर, चेंडू खेळला गेल्यावर धावणाऱ्या फलंदाजांवर, चेंडू थांबल्यावर पंचांवर, आणि त्यानंतरच वहीवर. नवखा माणूस चेंडू सीमेकडे जाताना चेंडूच पाहत बसतो, आणि फलंदाजांनी दोन धावा पळून काढल्या की तीन, हे त्याला शेजाऱ्याला विचारावे लागते.

घरी सराव करायचा असेल तर दूरचित्रवाणीवरील सामन्याचा आवाज बंद करून, पडद्यावरील आकड्यांवर कागदाची पट्टी चिकटवून, दहा षटके लिहून पाहा. त्यानंतर पट्टी काढा. पहिल्या वेळी आकडे जुळणार नाहीत, पण पाचव्या-सहाव्या वेळी जुळू लागतात.

दुसरी पायरी : सामन्याच्या सकाळी

नाणेफेकीच्या किमान अर्धा तास आधी मैदानावर पोहोचावे. सोबत निळ्या किंवा काळ्या शाईची दोन पेने, बाद झालेल्या गड्यांसाठी लाल पेन, टोक केलेल्या दोन पेन्सिली, खोडरबर, फूटपट्टी, घड्याळ आणि वाऱ्याने पाने उलटू नयेत म्हणून चार मजबूत क्लिपा असाव्यात. पावसाळ्यात प्लॅस्टिकचा मोठा पारदर्शक कागदही लागतो. डॉ. एच. डी. कांगा यांच्या नावाची लीग १९४८ पासून मुंबईत मुद्दाम पावसाळ्यात खेळवली जाते, आणि त्या दिवसांत दमट झालेल्या कागदावर बॉलपेन उमटत नाही, शाईचे पेन पसरते, पेन्सिल मात्र चालते. माझ्या दप्तरात पेन्सिली आहेत त्या याच अनुभवामुळे.

बसण्याची जागा शक्यतो खेळपट्टीच्या बाजूला, दोन्ही पंच दिसतील अशी निवडावी. आझाद मैदानासारख्या ठिकाणी एकाच वेळी अनेक खेळपट्ट्यांवर सामने चालू असतात, शेजारच्या सामन्यातले क्षेत्ररक्षक आपल्या सीमारेषेच्या आत उभे असतात आणि सगळ्यांचे कपडे पांढरेच असतात. अशा वेळी आपले अकरा खेळाडू कोणते, हे सुरुवातीलाच नीट पाहून घेतले नाही तर झेल कोणी घेतला ते कळणार नाही. पंचांनी बसण्याची जागा पाहून घेतली आहे ना, याची खात्री करा, कारण दिवसभर त्यांना खुणा तुमच्याकडे पाहूनच करायच्या असतात.

दोन्ही कर्णधारांकडून अंतिम अकरांची यादी लेखी घ्या. तोंडी सांगितलेली नावे घेऊ नका आणि टोपणनावे तर मुळीच लिहू नका. ‘बाळ्या’ किंवा ‘पप्या’ हे नाव वर्षभरानंतर कोणाच्याही उपयोगाचे नसते. एका संघात दोन पाटील आणि दोन शेख असणे ही मुंबईत नेहमीची गोष्ट आहे, म्हणून आद्याक्षरे हवीतच. यष्टिरक्षक आणि कर्णधार यांच्या नावापुढे खूण करा. मग पेन्सिलीने, पुसता येईल अशा तऱ्हेने, ओळखीच्या खुणा लिहा. डावखुरा, पूर्ण बाह्यांचा सदरा, निळी टोपी, बॅटच्या मुठीला हिरवी पट्टी, असे काहीही चालते. फलंदाज मैदानात जाताना तुमच्या टेबलासमोरून जात असेल तर त्याला थांबवून नाव विचारण्यात संकोच करू नका.

याच वेळी त्या स्पर्धेचे नियम पंचांना विचारून घ्यावेत. षटके किती, एका गोलंदाजाला किती, नोबॉलनंतर फ्री हिट आहे का, एका टप्प्यावरून मैदानाबाहेर किंवा शेजारच्या तंबूत गेलेल्या चेंडूला किती धावा, वेळ संपल्यास काय, हे प्रत्येक स्पर्धेत वेगळे असू शकते.

तिसरी पायरी : पंचांच्या खुणा आणि आपला प्रतिसाद

क्रिकेटच्या नियमावलीतील तिसरा नियम पूर्णपणे गुणलेखकांसाठी आहे. दोन गुणलेखक असावेत, त्यांनी आपल्या नोंदी वारंवार परस्परांशी ताडून पाहाव्यात, पेयपानाची विश्रांती वगळता प्रत्येक विश्रांतीत आणि सामना संपल्यावर पंचांशी त्या जुळवाव्यात, आणि पंचांची प्रत्येक खूण स्वीकारून तिला लगेच पोच द्यावी, असे तो सांगतो. पोच म्हणजे हात वर करणे. पाठीमागे झाडी किंवा गर्दी असेल तर पांढरा रुमाल हलवावा. तुमची पोच मिळेपर्यंत पंचांनी पुढचा चेंडू टाकू द्यायचा नसतो. त्यामुळे खूण कळली नसेल तर हात वर करू नका, पंच ती पुन्हा करतील. एका चेंडूवर दोन खुणा झाल्या, उदाहरणार्थ नोबॉल आणि नंतर चौकार, तर दोन्हींना वेगवेगळी पोच द्यावी.

चौकार, षटकार, वाईड आणि नोबॉल यांच्या खुणा प्रेक्षकांनाही ठाऊक असतात. गोंधळ होतो तो पुढच्या खुणांत. उघडा हात डोक्यावर उंच केला तर बाय, म्हणजे चेंडू बॅटला किंवा अंगाला न लागता काढलेली धाव, आणि उचललेल्या गुडघ्याला हात लावला तर लेगबाय, म्हणजे चेंडू फक्त अंगाला लागून काढलेली धाव. कोपरात हात दुमडून त्याच बाजूच्या खांद्याला बोटांची टोके लावली तर अपुरी धाव, म्हणजे पळताना फलंदाज रेषेपर्यंत न पोहोचताच वळला, ती धाव धरायची नाही. दोन्ही हात फुलीसारखे दोन्ही खांद्यांना लावले तर आधीचा निर्णय मागे घेतला आहे. एक हात विरुद्ध खांद्यावर वारंवार आपटला तर फलंदाजी करणाऱ्या संघाला दंडाच्या पाच धावा, आणि तो हात विरुद्ध खांद्यावर नुसता ठेवला तर त्या पाच धावा क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाला. ही शेवटची जोडी वर्षातून एखाद्या वेळीच दिसते, म्हणून वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवावी.

जे पंचांनी दाखवले तेच लिहायचे. चेंडू बॅटला लागून गेला असे तुम्हाला स्पष्ट वाटले आणि पंचांनी लेगबाय दिला, तर तो लेगबायच आहे. फलंदाज परत येऊन ‘ती माझी धाव होती’ असे म्हणेल. त्याला आदराने सांगावे की पंचांनी खूण बदलली तरच नोंद बदलेल.

चौथी पायरी : एक चेंडू, तीन ठिकाणी

गुणलेखनाचा सगळा गाभा या एका गोष्टीत आहे. प्रत्येक चेंडूची नोंद फलंदाजाच्या ओळीत किंवा अवांतर धावांच्या ओळीत, गोलंदाजाच्या त्या षटकाच्या चौकटीत, आणि एकूण धावांच्या चढत्या तक्त्यात (यात आकडे क्रमाने छापलेले असतात आणि धावा होतील तसे ते कापत जायचे असतात), अशी तीन ठिकाणी होते. तिन्ही नोंदी नेहमी एकाच क्रमाने कराव्यात. क्रम कोणता हे प्रत्येकाने ठरवावे, पण एकदा ठरवला की वर्षानुवर्षे बदलू नये, कारण गडबडीत हात सवयीने चालतो आणि सवय पक्की असेल तर एखादी नोंद सुटत नाही. मी आधी गोलंदाज, मग फलंदाज, मग एकूण धावा लिहितो.

चिन्हे साधी आहेत. धाव नसेल तर टिंब, वाईडला अधिकाचे चिन्ह, नोबॉलला वर्तुळ आणि बॅटमधून धावा निघाल्या असतील तर त्या वर्तुळाच्या आत, बायला टोक वर असलेला त्रिकोण, लेगबायला टोक खाली असलेला त्रिकोण. वाईडवर आणखी धावा काढल्या तर प्रत्येक जादा धावेसाठी अधिकाच्या चिन्हाच्या कोपऱ्यात एक टिंब द्यावे. निर्धाव षटकाची सहा टिंबे जोडून इंग्रजी ‘एम’ अक्षर करण्याची पद्धत आहे, आणि त्यात गडी बाद झाला असेल तर ‘डब्ल्यू’ करतात.

एक षटक लिहून पाहू. धावसंख्या १ बाद ४२ आहे. ‘अ’ हा फलंदाज २० वर, ‘ब’ ११ वर, बाद झालेल्या गड्याच्या ५ आणि अवांतर ६. ‘अ’ स्ट्राइकवर आहे. पहिला चेंडू निर्धाव. दुसऱ्यावर ‘अ’ तीन धावा घेतो आणि ‘ब’ समोर येतो. पुढचा चेंडू वाईड. मग ‘ब’ एक चेंडू अडवतो. त्यापुढच्या चेंडूवर एक लेगबाय मिळून ‘अ’ पुन्हा समोर येतो. पुढचा नोबॉल, आणि त्यावर ‘अ’ चौकार मारतो. मग ‘अ’ एक धाव घेतो आणि शेवटचा चेंडू ‘ब’ अडवतो. टाकलेले चेंडू आठ, त्यांपैकी वैध (म्हणजे वाईड आणि नोबॉल वगळून) सहा.

आता ताळा पाहा. ‘अ’च्या खात्यात ३, ४ आणि १ मिळून ८ धावा आल्या, म्हणजे तो २८ वर. ‘ब’ ११ वरच. अवांतरमध्ये वाईड १, लेगबाय १, नोबॉल १, म्हणजे ६ च्या ९ झाल्या. २८, ११, ५ आणि ९ मिळून ५३, आणि चढता तक्ताही १ बाद ५३ दाखवतो. गोलंदाजाच्या नावे मात्र अकरा नव्हे तर दहा धावा लागतात, कारण लेगबाय त्याच्या खात्यात जात नाही. फलंदाजांनी खेळलेले चेंडू मोजले तर ‘अ’चे चार आणि ‘ब’चे तीन, एकूण सात. वाईड हा फलंदाजाने खेळलेला चेंडू धरत नाहीत, नोबॉल धरतात, म्हणून सहा वैध आणि एक नोबॉल मिळून सात. हे षटक कागदावर स्वतः दोन-तीनदा लिहून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पाचवी पायरी : अवांतर धावांचे हिशेब

नव्या गुणलेखकाच्या दहा चुकांपैकी बहुतेक येथेच होतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. वाईड चेंडूवर मिळालेल्या सर्वच्या सर्व धावा वाईडच असतात. वाईड यष्टिरक्षकाला चकवून सीमापार गेला तर पाच वाईड, आणि पाचही गोलंदाजाच्या नावे. ‘एक वाईड आणि चार बाय’ अशी नोंद चूक आहे, आणि ती मी अनुभवी लोकांच्या वह्यांतही पाहिली आहे.

नोबॉलचे तसे नाही. नोबॉलची दंडाची एक धाव अवांतरात आणि गोलंदाजाच्या नावे जाते. बॅटमधून निघालेल्या धावा फलंदाजाला मिळतात आणि गोलंदाजाच्या नावे लागतात. बॅटला चेंडू न लागता काढलेल्या धावा २०१७ च्या नियमावलीपासून बाय किंवा लेगबाय म्हणून लिहिल्या जातात, गोलंदाजाच्या नावे लागत नाहीत. त्याआधी त्या सगळ्या नोबॉलमध्येच धरत असत. जुन्या काकांपैकी काहीजण अजूनही जुन्या पद्धतीने लिहितात. त्यांच्याशी मैदानावर वाद घालू नये, सामना सुरू होण्याआधी नम्रपणे हा विषय काढावा आणि हवे तर पंचांना विचारावे.

बाय आणि लेगबाय गोलंदाजाच्या नावे लागत नसल्यामुळे, ज्या षटकात केवळ चार बाय मिळाले ते षटक गोलंदाजासाठी निर्धावच राहते. एक वाईड पडला तर मात्र ते निर्धाव नाही. ओव्हरथ्रोच्या, म्हणजे क्षेत्ररक्षकाची फेक चुकल्यामुळे मिळालेल्या, धावा वेगळ्या खात्यात जात नाहीत. मूळ धाव बॅटची असेल तर ओव्हरथ्रोच्या धावाही फलंदाजाच्याच.

विजयी धावेच्या वेळी घाई करू नका. विजयासाठी आवश्यक धाव पूर्ण होताच सामना संपतो आणि त्यानंतरचे काही मोजायचे नसते. जिंकायला एक धाव हवी असताना फलंदाजांनी ती पळून पूर्ण केली आणि चेंडू नंतर सीमेपार गेला, तर एकच धाव लिहायची. पण आवश्यक धावा पळून पूर्ण होण्याआधीच चेंडू सीमेपार गेला तर पूर्ण चौकार लिहायचा. दोन्हींत संघ जिंकतोच, पण एखाद्या फलंदाजाचे अर्धशतक त्या तीन धावांवर अवलंबून असू शकते.

सहावी पायरी : गडी बाद होतो तेव्हा

तंबूत आरडाओरडा सुरू होतो आणि सगळेजण तुम्हाला एकाच वेळी प्रश्न विचारतात. या क्षणी पेन हातात धरा आणि पुढील गोष्टी त्याच क्रमाने लिहा : कसा बाद, झेल किंवा यष्टिचीत कोणी केले, गोलंदाज कोण, फलंदाजाच्या धावा, संघाच्या एकूण धावा, कितवा गडी, आणि नाबाद राहिलेला साथीदार. झेल कोणी घेतला हे दिसले नसेल तर शेजारच्या गुणलेखकाला विचारा, त्यालाही माहीत नसेल तर पुढच्या विश्रांतीत क्षेत्ररक्षक कर्णधाराला विचारा, आणि तोपर्यंत पेन्सिलीने प्रश्नचिन्ह ठेवा.

त्रिफळाचीत, झेलबाद, पायचीत, यष्टिचीत आणि स्वयंचीत (हिट विकेट) हे बळी गोलंदाजाला मिळतात. धावचीत मिळत नाही. धावचीत झाल्यास आधी पूर्ण झालेल्या धावा मोजाव्यात, जी धाव घेताना गडी बाद झाला ती मोजू नये. कोणत्या टोकाचा फलंदाज बाद झाला हे पंचांकडूनच पक्के करावे. झेलबादच्या बाबतीत ऑक्टोबर २०२२ पासून नियम बदलला आहे. झेल घेईपर्यंत फलंदाजांनी एकमेकांना ओलांडले असले तरी नवा फलंदाजच पुढचा चेंडू खेळतो, षटक संपले असेल तरच अपवाद. वाईड चेंडूवर फलंदाज यष्टिचीत होऊ शकतो, आणि आल्याआल्या तसा झाला तर त्याच्या नावापुढे शून्य धावा आणि शून्य चेंडू अशी नोंद होते. ती पाहून कोणीतरी चूक झाली असे म्हणेलच, पण ती नोंद बरोबर असते.

जखमी होऊन परतलेला फलंदाज बाद नसतो, ‘जखमी निवृत्त’ असे लिहावे आणि तो परत येऊ शकतो हे ध्यानात ठेवून त्याची ओळ बंद करू नये.

सातवी पायरी : प्रत्येक षटकानंतरचा ताळा

एवढ्या वर्षांत मी जे थोर गुणलेखक पाहिले, त्यांत हस्ताक्षर वाईट असणारे होते, चष्म्याशिवाय न दिसणारे होते, पण षटक संपल्यावर ताळा न जुळवणारा एकही नव्हता. दोन्ही संघांचे गुणलेखक शेजारी बसलेले असतील तर एकाने मोठ्याने एकूण धावा, गडी, गोलंदाजाची त्या षटकातील धावसंख्या आणि दोन्ही फलंदाजांच्या धावा सांगाव्यात आणि दुसऱ्याने ‘बरोबर’ म्हणावे. या बोलण्याला दहा सेकंद लागतात, आणि पंच टोक बदलत असताना तेवढा वेळ हमखास मिळतो.

आकडा जुळला नाही तर दोघांनी लगेच मागे जावे. शेवटचे जुळलेले षटक शोधावे आणि तेथून एकेक चेंडू तोंडाने म्हणत पुढे यावे. चूक साधारणपणे दोन-तीन ठिकाणीच सापडते. एकेरी धाव चुकीच्या फलंदाजाच्या नावे गेलेली असते, लेगबाय गोलंदाजाच्या खात्यात लागलेला असतो, किंवा चढत्या तक्त्यात एक आकडा कापायचा राहिलेला असतो. हे शोधताना खेळ थांबत नाही, म्हणून एकाने पुढचे षटक कच्च्या कागदावर लिहावे आणि दुसऱ्याने शोधावे. सापडले नाही तर षटकाच्या शेवटी पंचांना हाताने खूण करून कळवावे. धावसंख्येच्या अचूकपणाची अंतिम जबाबदारी नियमाप्रमाणे पंचांची आहे.

‘नंतर पाहू’ असे म्हणून फरक तसाच पुढे नेणे ही गुणलेखकाची सर्वांत मोठी चूक आहे, आणि ती माझ्या हातून झाली आहे. माझ्या तिसऱ्याच हंगामात, अकराव्या षटकात माझ्या आणि समोरच्या संघाच्या वहीत एका धावेचा फरक आला. जेवणाच्या वेळी पाहू असे आम्ही ठरवले. जेवणापर्यंत दोघांच्याही वहीत आणखी एकेक चूक झाली होती आणि मूळ फरक कोठला हे शोधण्याची सोय राहिली नव्हती. तो सामना एका धावेने संपला. निकाल पंचांनी दिला आणि दोन्ही संघांनी स्वीकारला, पण हरलेल्या संघाच्या यष्टिरक्षकाने मला शांतपणे ‘काका, खरं काय होतं?’ असे विचारले, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या दिवसापासून मी षटकाच्या शेवटी आकडे जुळल्यावर समासात पेन्सिलीने बारीक खूण करतो. खूण नसलेले षटक म्हणजे न जुळलेले षटक.

चूक दुरुस्त करताना खाडाखोड करू नये, पांढरी शाई लावू नये. चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारावी, म्हणजे मूळ आकडाही वाचता येतो, आणि शेजारी बरोबर आकडा लिहावा. पंचांनी षटकात पाच किंवा सात वैध चेंडू टाकू दिले तर पंचांची मोजणी ग्राह्य असते. जितके टाकले तितकेच लिहावेत, आपल्या मनाने सहा करू नयेत.

आठवी पायरी : डाव संपल्यावर

डावाच्या शेवटी चार ताळे जमले पाहिजेत. समजा ४० षटकांत ८ बाद १८७ धावा झाल्या. फलंदाजांच्या धावांची बेरीज १६८, अवांतर १९, त्यात वाईड ८, नोबॉल ३, बाय ५, लेगबाय ३. पहिला ताळा १६८ अधिक १९ बरोबर १८७. दुसरा ताळा सर्व गोलंदाजांनी दिलेल्या धावांचा. त्यांची बेरीज १७९ यायला हवी, कारण १८७ मधून बाय-लेगबायचे ८ वजा होतात. दंडाच्या धावा असतील तर त्याही येथे वजा कराव्यात. तिसरा ताळा बळींचा. एक गडी धावचीत असेल तर गोलंदाजांच्या नावे सात. चौथा ताळा चेंडूंचा. वैध २४० अधिक नोबॉल ३ म्हणजे फलंदाजांनी खेळलेले चेंडू २४३. हा चौथा ताळा अनेकजण टाळतात, पण चुकलेला चेंडू पकडण्याचा दुसरा मार्ग नाही.

भागीदाऱ्यांचाही असाच ताळा घेता येतो. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेच्या सामन्यात शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९. या दोघांची बेरीज ६७५ होते आणि ६६४ शी जुळत नाही, म्हणून नवशिका गोंधळतो. उत्तर गडी बाद होण्याच्या तक्त्यात मिळते. दुसरा गडी ८४ वर बाद झाला तेव्हा सचिन आला, विनोद आधीच काही धावा काढून खेळत होता, आणि ८४ अधिक ६६४ म्हणजे घोषित केलेला २ बाद ७४८. गडी कोणत्या धावसंख्येवर बाद झाला तो आकडा नीट लिहिलेला नसता तर ही भागीदारी किती धावांची, हे कोणालाही सांगता आले नसते.

चारही ताळे जमल्यावर दोन्ही गुणलेखकांनी आणि दोन्ही पंचांनी सह्या कराव्यात. पंच निघून जाण्यापूर्वीच सह्या घ्या.

मोबाईलवरील नोंद

आता बहुतेक क्लब क्रिकहिरोजसारख्या अ‍ॅपवर चेंडूगणिक नोंद करतात आणि खेळाडूंच्या घरचे लोक ती तेथल्या तेथे पाहतात. हे चांगलेच आहे, आणि नव्या स्वयंसेवकाला अ‍ॅप शिकणे सोपे जाते. परंतु भर दुपारी उन्हात पडदा दिसत नाही, पावसाच्या थेंबांनी भलतेच बटण दाबले जाते, आणि बॅटरी अडतिसाव्या षटकात संपते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अ‍ॅप बेरीज स्वतः करते, त्यामुळे चुकीच्या फलंदाजाच्या नावे गेलेली धावही ताळ्यात बरोबरच दिसते. म्हणून एकाने अ‍ॅप आणि दुसऱ्याने वही सांभाळावी, आणि षटकानंतर दोन्हींतील फलंदाजांच्या धावा मोठ्याने वाचून जुळवाव्यात. एकट्याने दोन्ही करू नये.

टेबलाभोवतीची माणसे

फलंदाजी करणाऱ्या संघाचे खेळाडू दर षटकाला ‘किती हवेत, किती चेंडूंत?’ असे विचारत येतील. ही माहिती एका पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून समोर ठेवली तर निम्मे प्रश्न थांबतात. चेंडू टाकला जात असताना कोणाशीही बोलू नये, आणि हे पहिल्याच दिवशी सर्वांना सांगून टाकावे. कोणाला खटकत नाही. आपल्या क्लबच्या कर्णधाराने कानात सांगितले म्हणून आकड्यात बदल करायचा नाही, आणि समोरच्या संघाचा गुणलेखक नवखा असेल तर त्याची चूक आपल्या फायद्याची असली तरी त्याला दाखवायची. पुढच्या हंगामात तोच तुमच्या शेजारी बसणार आहे. जागा सोडावी लागली तर षटक संपल्यावरच सोडावी, आणि वही कोणाच्या ताब्यात दिली ते दुसऱ्या गुणलेखकाला सांगावे.

दोन-तीन हंगाम नीट काम केल्यावर आपल्या क्रिकेट संघटनेकडे गुणलेखकांच्या परीक्षेची चौकशी करावी. उत्तीर्ण झालात तर संघटनेच्या सामन्यांची दारे उघडतात, आणि क्लबच्या वहीतही फरक दिसू लागतो.

वह्या जपणे

वही भरली की ती क्लबची होते. मुखपृष्ठावर हंगाम आणि स्पर्धेचे नाव, आतल्या पहिल्या पानावर सामन्यांची तारीखवार यादी लिहावी. पावसाळा सुरू होण्याआधी सगळ्या पानांची छायाचित्रे काढून क्लबच्या दोन वेगवेगळ्या माणसांकडे ठेवावीत, कारण मुंबईच्या दमट हवेत आणि कसरीत कागद फार टिकत नाही. मूळ वह्या लोखंडी कपाटात, जमिनीपासून वरच्या कप्प्यात, डांबराच्या गोळ्यांसह ठेवाव्यात. वर्षांनंतर एखादा माजी खेळाडू आपल्या शतकाचा दाखला मागायला येतो, कोणाला नोकरीच्या अर्जाला जोडायचा असतो, कोणाला आपल्या मुलाला दाखवायचा असतो. त्याला त्या पानाची स्वच्छ प्रत काढून द्यावी, प्रतीवर चिटणीसांची सही घ्यावी, आणि मूळ वही कपाटाबाहेर जाऊ देऊ नये.